तोंडी सगळं येतं, पेपरात काहीच नाही: डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या पालकांसाठी पहिल्या पायऱ्या

"तोंडी विचारलं की सगळं सांगतो हो, पेपरात मात्र काहीच लिहीत नाही." डिस्लेक्सियाची, म्हणजे समज असूनही वाचन-लेखन सहज न जमण्याच्या अडचणीची, शंका घेऊन येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. पुण्यातल्या कोथरूडची इंग्रजी माध्यमाची शाळा असो की हडपसरची महापालिकेची, वाक्यात फरक पडत नाही. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. मुलगा चुणचुणीत, खेळात पुढे, पण साधे शब्दही वाचता येत नव्हते. त्याच्या मास्तरांचं मत होतं की शिकवणं सगळं तोंडी असतं, तर हा शाळेतला सगळ्यांत हुशार मुलगा ठरला असता.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांना जे दिसलं, तेच पालकांनी आधी पक्कं धरावं. मुलाला काय कळतं ही एक गोष्ट, आणि त्याला काय वाचता-लिहिता येतं ही दुसरी. वाचन शिकवायचंच आहे, रोज शिकवायचं आहे. पण वाचन जमेपर्यंत त्याचं शिकणं अडवून ठेवायचं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: नेमकं काय अडतं ते समजून घ्या

डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा आजार नाही आणि त्याचा बुद्धीशी संबंध नाही. बोललेल्या शब्दातले सुटे आवाज ओळखणं, ते वेगळे करणं, जोडणं आणि अक्षराशी त्यांची गाठ पटकन घालणं, हे काम या मुलांच्या मेंदूत सहज होत नाही. 'कमळ' मधला पहिला आवाज काढून टाकला तर काय उरेल, असं विचारा. इतर मुलं 'मळ' म्हणून मोकळी होतात. हे मूल विचारात पडतं किंवा अंदाजाने भलतंच सांगतं. कमळ म्हणजे काय हे त्याला तुमच्याइतकंच ठाऊक असतं.

ही अडचण बऱ्याचदा घराण्यात चालत येते. "याचा काका पण असाच होता, सातवीत शाळा सोडली, पण गॅरेज काय झकास चालवतो!" असं आजी म्हणाली, तर ते हसण्यावारी नेऊ नका. तपासणीच्या वेळी ते आवर्जून सांगा. आणि आईच्या गरोदरपणात काय चुकलं, नोकरीमुळे दुर्लक्ष झालं का, मोबाइलमुळे झालं का, हे शोधणं थांबवा. डिस्लेक्सिया यातल्या कशानेही होत नाही.

पायरी २: वही उघडा आणि चुका नीट वाचा

ही पायरी घाईने उरकू नका. पेन घेऊन बसा आणि दोन-तीन महिन्यांतल्या सगळ्या वह्या काढा. फक्त किती चुका हे पाहू नका, कोणत्या चुका हे पाहा.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आधी बाजूला ठेवा. 'मीठ' चं 'मिठ' अर्धा महाराष्ट्र लिहितो, त्यावरून काहीही ठरत नाही. मग उरलेलं पाहा. 'शाळा' चं 'शळा', म्हणजे काना गळला. 'पुस्तक' चं 'पुतक', 'प्रकाश' चं 'पकाश', म्हणजे जोडाक्षरातलं अर्धं अक्षर गेलं. 'चंद्र' वरचा अनुस्वार नाही. 'सूर्य' चा रफार नाही, किंवा आहे पण भलत्याच अक्षरावर बसलाय. घ आणि ध, भ आणि म, ट-ठ-ढ यांची अदलाबदल. एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिलेला. फळ्यावरून उतरवलेलं अर्धवट, ओळी मध्येच सुटलेल्या.

मग वाचायला द्या, पण पाठ झालेला धडा नको. कवितेचं पुस्तक उघडून आठवणीतून घडाघडा म्हणणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. न पाहिलेला उतारा द्या. मूल 'क... म... ळ' असं सुटं वाचतं आणि शेवटी शब्द जुळवतच नाही का? पहिल्या वेलांटीशी अडतं का? ही वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, त्यामुळे 'किती' सारखा छोटा शब्दही दमवतो. अक्षर एक आणि उच्चार दोन, असंही मराठीत आहेच: 'चिमणी' तला च वेगळा, 'चमचा' तला वेगळा. अशा जागा टिपून ठेवा.

मराठी माध्यमाच्या पालकांनी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवावी. आपली लिपी बऱ्याच अंशी जसं बोलतो तशी लिहिली जाते. त्यामुळे मूल कष्टाने का होईना, बरोबर वाचायला शिकतं. वाचतं फार सावकाश. चूक दिसत नाही म्हणून दुसरी-तिसरीत कुणाला शंका येत नाही आणि चौथी-पाचवीत धडे लांबले की गाडी एकदम रुतते. इंग्रजी माध्यमात स्पेलिंगमुळे हे लवकर उघडं पडतं. म्हणून मराठी वाचनात अचूकतेबरोबर वेग आणि दमणूक पाहा.

पाच-सहा वर्षांचं मूल अक्षर उलटं काढतं, बी आणि डी मध्ये गोंधळतं, एवढ्यावरून घाबरू नका. त्या वयात ते बहुतेक मुलं करतात. सातव्या-आठव्या वर्षानंतरही टिकलं आणि सोबत वरच्या खुणा असल्या, तर पुढच्या पायरीवर या.

पायरी ३: कान, डोळे आणि बाकीचं

आधी कानांची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. सतत सर्दी, कान फुटणं असलेल्या मुलाला ऐकूच कमी येत असेल, तर आवाज वेगळे करणं त्याला जमणार नाही. घराची भाषा एक, शाळेची दुसरी आणि शाळा नुकतीच बदललेली, असंही असू शकतं. लक्ष न टिकण्याची अडचण, म्हणजे एडीएचडी, डिस्लेक्सियाबरोबर बऱ्याचदा आढळते. बालरोगतज्ज्ञांना दोन्ही शंका स्पष्ट सांगा.

पायरी ४: तपासणी आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

इथे पालकांचा सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, महिने वाया जातात.

तपासणी, म्हणजे असेसमेंट, कशासाठी? मुलाला नेमकं कुठे अडतंय आणि शिकवायला कुठून सुरुवात करायची हे कळण्यासाठी. त्यात बुद्धिमापन चाचणी असते आणि वाचन, लेखन, गणित यांच्या चाचण्या असतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेला चाचणीसंच आपल्याकडे यासाठी सर्रास वापरला जातो. हे काम चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे का, हे विचारायला संकोचू नका. नोंदणी क्रमांक मागणं हा तुमचा हक्क आहे आणि चांगली माणसं तो आनंदाने दाखवतात. पुण्यात मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका अनेक घरांना माहीत आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्रही आहे. तिसरीकडे कुठे गेलात, तरी नोंदणीचा प्रश्न तोच.

अहवाल हातात आला की फक्त शेवटची ओळ वाचू नका. कोणत्या चाचणीत मूल कोणत्या इयत्तेच्या पातळीवर आहे आणि घरी काय करायचं, हे समोर बसून समजावून घ्या. नीट समजावून न सांगता अहवाल हातात ठेवणाऱ्या ठिकाणी परत जाऊन बसा, प्रश्न विचारा.

प्रमाणपत्र वेगळं. परीक्षेतल्या सवलतींसाठी सरकारी रुग्णालयातल्या मंडळाने दिलेलं प्रमाणपत्र लागतं. पुण्यात त्यासाठी ससून सर्वोपचार रुग्णालय आहे. अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर भरायचा असतो, त्यातूनच दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड मिळतं. कोणत्या वारी कोणता विभाग, कोणती कागदपत्रं, हे आधी विचारूनच मुलाला घेऊन जा. तारीख मिळायला वेळ लागतो आणि चाचण्या एका दिवसात होतीलच असं नाही. आधारकार्ड, शाळेचं पत्र, गुणपत्रकं, खासगी अहवाल आणि वह्यांची दोन-चार पानं एका फाइलमध्ये ठेवा. निदान साधारण आठव्या वर्षानंतर पक्कं करतात. मूल मोठं होताना पुन्हा तपासणी होते, म्हणून प्रमाणपत्रावरची मुदत वाचून ठेवा.

'दिव्यांग' हा शब्द मुलाच्या नावापुढे लागणार म्हणून अनेक आईवडील इथे थबकतात. मला त्यांची घालमेल कळते. पण प्रमाणपत्र मुलाच्या पाठीवर चिकटवलेलं नसतं, ते तुमच्या कपाटात असतं. गरज पडली तर वापरायचं. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करून ते मिळत नाही.

आणि मूल सहा-सात वर्षांचं असेल, तर आठव्या वर्षाची वाट पाहत बसू नका. मदत सुरू करायला कोणताही कागद लागत नाही.

पायरी ५: मुलाला सांगा

लपवू नका. मुलांनी स्वतःला आधीच एक नाव देऊन ठेवलेलं असतं, आणि ते बहुधा 'ढ' असतं. साध्या शब्दांत सांगा: "तुझ्या डोक्याला अक्षर आणि आवाज जोडायला जास्त वेळ लागतो. तुला समजतं सगळं. आपण वाचायची वेगळी पद्धत शिकणार आहोत." भावंडांसमोर तुलना नको. आजी-आजोबांनाही बसवून सांगा. "आम्ही छडी खाऊन शिकलो" असं ते म्हणतील. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना काम द्या, रोज रात्री नातवंडाला गोष्ट वाचून दाखवण्याचं. बऱ्याच घरांत यानेच गाडी रुळावर येते.

पायरी ६: रोजची वीस मिनिटं

रविवारी तीन तास नकोत, रोज वीस मिनिटं हवीत. शाळेचा गृहपाठ यात धरायचा नाही. शक्यतो जेवणाआधी, मूल दमलेलं नसताना. घरात ज्याचा आवाज चढतो त्याने हे काम घेऊ नये.

सुरुवात अक्षरांशिवाय करा. टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे पाडा: ब-टा-टा, तीन टाळ्या. मग पहिला आवाज ओळखणं, शेवटचा आवाज ओळखणं, आवाज बदलून नवा शब्द करणं: 'पाय' चा 'प' काढून 'ग' घातला तर? हे रिक्षात बसूनही होतं, सिग्नलला थांबल्यावरही होतं.

मग अक्षरं. बाराखडी सुरात म्हणता येणं म्हणजे बाराखडी येणं नव्हे. क-का-कि-की म्हणणारं मूल सुटा 'कू' समोर आला की गोंधळतं. अप्पा बळवंत चौकात बाराखडीचे तक्ते भरपूर मिळतात, पण भिंतीवर तक्ता लावून काही होत नाही. पुठ्ठ्याची पत्ती कापा, एका बाजूच्या पत्त्यांवर अक्षरं, दुसरीकडे काना, वेलांट्या, उकार, मात्रा. एका वेळी एकच खूण घ्या. चार-पाच दिवस फक्त काना: का, मा, पा, ला, आणि त्यांच्यापासून होणारे खरे शब्द. तो डोळे मिटून ओळखता येईल इतका पक्का झाला, तरच पहिली वेलांटी.

अक्षर गिरवायला ताटात रांगोळी पसरा. मूल बोटाने अक्षर काढतं, त्याच वेळी मोठ्याने आवाज उच्चारतं, स्वतःचा आवाज ऐकतं आणि आपण काढलेलं पाहतं. ऐकणं, बोलणं, पाहणं आणि हाताची हालचाल एकत्र जुळवणारी ही पद्धत गेल्या शतकात सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी मांडली. आजही रेमेडियल, म्हणजे अशा मुलांना मुळापासून शिकवणारे, शिक्षक तिच्याच पायावर काम करतात. भ आणि म यांच्यासारखी जोडगोळी मात्र एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं होऊ द्या, मग काही आठवड्यांनी दुसरं.

जोडाक्षरं तोडून दाखवा. 'पुस्तक' म्हणजे पु, स्, त, क. अर्ध्या अक्षराला वेगळा रंग द्या. रफाराला सगळ्यांत शेवटी हात घाला, कारण उच्चारात आधी येणारा र लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, आणि हे मोठ्यांनाही समजावून सांगायला अवघड जातं.

वेग यायला एकच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचायचा. तबल्यावरचा कायदा, म्हणजे बोलांची रचना, आधी विलंबित लयीत स्वच्छ वाजतो आणि मगच दुगुन, म्हणजे दुप्पट लय, येते, तसंच हे आहे. आधी तुम्ही वाचा, मग दोघांनी एका सुरात वाचा, मग मुलाने एकट्याने. अडलं तर तीन-चार सेकंद थांबा आणि शब्द सांगून टाका. "नीट बघ, काल तर आलं होतं" हे वाक्य घरातून हद्दपार करा. काल आलेलं आज न येणं हे या अडचणीतच आहे, त्यात मुलाचा हट्ट नाही.

चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. मूल दहा वेळा तोच चुकीचा शब्द लिहितं आणि तोच पक्का होतो.

मराठी आणि इंग्रजी एकाच बैठकीत नको. इंग्रजीलाही आवाजांपासूनच सुरुवात करा, स्पेलिंग घोकण्यापासून नको.

पायरी ७: शिकणं थांबू देऊ नका

पाचवीतल्या मुलाचं वाचन दुसरीचं असेल, तरी त्याचं विज्ञान पाचवीचंच राहिलं पाहिजे. म्हणून धडे वाचून दाखवा. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. पान मोठं करून, दोन ओळींमध्ये जागा सोडून छापा. मोबाइलमधली वाचून दाखवण्याची सोय मराठीतही चालते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. छापील मजकूर वाचायला अडचण असलेल्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे.

उत्तरं तोंडी घ्या. नकाशा, चित्र, तक्ता, जे जमेल त्यातून अभ्यास होऊ द्या. आणि बाहेर पडलात की पाट्या वाचा. पीएमपीच्या बसवरचे देवनागरी आकडे आणि थांब्यांची नावं, दुकानांची नावं, आणि पेठांमधल्या त्या प्रसिद्ध पुणेरी पाट्या. दोन ओळींचा मजकूर, शेवटी हसू. पुस्तकाला हात न लावणारं मूल पाटी मात्र आवडीने वाचतं.

पायरी ८: शाळेशी बोला, आणि लेखी बोला

वर्गशिक्षकांना आधी भेटा. भांडायला गेल्यासारखं जाऊ नका, त्यांच्या वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात. "लक्ष द्या" एवढंच म्हटलं तर काही होत नाही. नेमकं मागा: आगाऊ न सांगता वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी फोटो किंवा झेरॉक्स चालू द्या. विज्ञानाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. पहिल्या बाकावर बसवा. भेट झाली की ठरलेल्या गोष्टींचं पत्र मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्टपणे धरली आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. त्याच्या १६ व्या कलमानुसार अशी अडचण लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय करणं हे शाळेचं काम आहे. १७ व्या कलमात परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. राज्य मंडळाच्या आणि सीबीएसईच्या दोन्ही परीक्षांत जादा वेळाची पद्धत दर तासाला वीस मिनिटं अशी आहे. राज्य मंडळाचं मुख्य कार्यालय आपल्याच शहरात, शिवाजीनगरला आहे. तरी अर्ज शाळेमार्फतच जातो, म्हणून आठवीतच मुख्याध्यापकांना विचारून ठेवा.

सवलती मिळतात म्हणून सगळ्या एकदम घेऊ नयेत, असं मला वाटतं. जादा वेळ जरूर घ्या. लेखनिक, म्हणजे रायटर, हवा असेल तर त्याचा सराव नववीपासून करा. मनातलं उत्तर दुसऱ्याला सांगून लिहवून घेणं हे स्वतंत्र कसब आहे. पहिल्यांदाच बोर्डाच्या पेपरला रायटर मिळालेलं मूल गप्प बसून राहतं. भाषेतून सूट घेताना पुढे कोणत्या शाखेला जायचंय, याचा विचार करा आणि मुलालाही विचारा. मराठी घरातल्या मुलाला मराठीतूनच सूट घ्यायची वेळ आली, तर घरातलं मराठी वाचून दाखवणं मात्र बंद करू नका.

नेहमीची शाळा झेपेनाशी झाली, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, पाच विषय निवडून दहावी करता येते. तो रस्ता कमी दर्जाचा मानू नका. पण सातवीतल्या एका वाईट निकालावर तो निर्णय घेऊ नका.

पायरी ९: कशावर पैसे घालवू नयेत

डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे वर्ग, रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, 'मेंदू तल्लख' करणाऱ्या गोळ्या, तीन महिन्यांत बरं करण्याची हमी. यातल्या कशानेही डिस्लेक्सिया जात नाही. हस्ताक्षर वर्गाने अक्षर सुधारेल, वाचन नाही. नेहमीची शिकवणी लावून शाळेतलंच पुन्हा शिकवलं, तरी पाया तसाच राहतो. पैसे घालायचेच तर एकट्या मुलाबरोबर किंवा दोन-तीन मुलांच्या गटात, आवाजापासून शिकवणाऱ्या विशेष शिक्षकावर घाला.

त्या शिक्षकांच्या कामाचं मोजमापही ठेवा. पहिल्या दिवशी न पाहिलेला एक उतारा मुलाकडून वाचून घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि किती शब्द, किती वेळ, कोणत्या चुका हे लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तितक्याच अवघड दुसऱ्या उताऱ्याचं रेकॉर्डिंग करा. वेग थोडा वाढलेला, एखादी खूण पक्की झालेली दिसली, तर पद्धत तीच ठेवा. काहीच हललं नसेल, तर दोन्ही रेकॉर्डिंग घेऊन शिक्षकांसमोर बसा आणि कुठली पायरी मागे राहिली ते विचारा.